पेटीत नसलेला सा

गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फोनवर मला सगळे 'सर' म्हणतात. गॅसचा नंबर लावायला फोन केला की पलीकडची मुलगी म्हणते, "बोला सर." सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावून सांगायचे, की बाई गं, मी बाईमाणूस आहे, थायरॉइडची गाठ काढली, त्यात आवाज खाली गेला. मग एक दिवस कंटाळा आला. आता म्हणते, "हां, सर बोलतोय. सिलिंडर पाठवा." सिलिंडर तेवढंच वेळेवर येतं.

शाळेत काही अडलं नाही. मी अणदूरच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. पोरांनी चार दिवस एकमेकांकडे बघितलं, पाचव्या दिवशी विसरून गेली. उलट पूर्वी दहा वेळा ओरडून वर्ग गप्प व्हायचा नाही, तो आता एका 'ए' वर गप्प होतो. घरीही कोणी काही म्हणालं नाही. माझा आवाज जिथं नकोसा झाला ते ठिकाण वेगळंच होतं, आणि तिथे मी वीस वर्षं गात होते.

आमच्या खंडोबाच्या देवळात दर रविवारी बायकांचं भजन असतं. पेटीवर माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. पेटी त्यांच्या माहेरची, भाता त्यांच्या हातात, आणि सूरही त्यांचाच. पेटीच्या काळी पाच या पट्टीवर त्यांनी एक लाल टिकली चिकटवली आहे. तोच मंडळाचा सा. उन्हाळा असो, सर्दी असो, कोणाचा गळा कसाही असो, टिकलीवर बोट पडलं की सगळ्यांनी तिथून उचलायचं. ती टिकली पहिल्यांदा कधी लावली, का लावली, हे कोणाला आठवत नाही. घासून पुसट झाली की अक्का स्वतःच्या पाकिटातली नवी लावतात. खरं सांगायचं तर त्या सावरून वरचा पंचम गाठणं त्यांनाही सोपं नव्हतं. तो आला की त्या डोळे गच्च मिटून मान वर करायच्या, आणि गळ्याची शीर तट्ट फुगायची. आम्ही त्याला भक्ती समजायचो.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा गेले त्या रविवारी टिकलीचा सा लागला, मी तोंड उघडलं आणि पिंपाचा तळ खरवडावा तसा आवाज निघाला. दोन जणी हसल्या. हसल्याचं मला काही वाटलं नाही, मीसुद्धा हसले असते. पण भजन संपल्यावर अक्कांनी टाळ माझ्या हातात दिला.

"आता तू टाळ धर बाई. तुजा आवाज बसलाय. देवाला काय, टाळ बी चालतो."

"आवाज बसला न्हाय अक्का, खाली गेलाय. पट्टी उतरवा की जरा."

"अन् बाकीच्या बायकांनी काय बैलावानी हंबरायचं? नाचता येईना अंगण वाकडं!"

सगळ्या हसल्या, तेव्हा मात्र मला राग आला. रडूही आलं, पण ते मी घरी येऊन भाकरी थापताना उरकून घेतलं. कारण अंगण वाकडंच होतं. एका बाईच्या जुन्या गळ्याच्या मापानं आखलेलं अंगण, आणि त्यात साऱ्या गावानं सरळ नाचायचं!

मी टाळ धरला, काही महिने धरला. रविवारचं एवढं मनावर घेतलंही नसतं. पण पुढं पहिल्या पदाचा मान येणार होता. आमचा देव वर्षातला बहुतेक काळ अणदूरला असतो आणि हिवाळ्यात काही आठवडे नळदुर्गला जातो. तो परत आला की पहिल्या रविवारी मंडळातल्या एका घराला पहिलं पद म्हणायचा मान असतो. त्या घरच्या बाईनं उभं राहून घरचं पद म्हणायचं, बाकीच्यांनी मागून झेलायचं. मान घरोघर फिरतो, त्यामुळं एका घराला तो बऱ्याच वर्षांनी येतो. या वर्षी आमच्या घराचा होता. आमचं पद सासूबाईंनी मला शिकवलं होतं. अक्कांना नाही, मला. कारण अक्कांचे हात पेटीत गुंतलेले, आणि सासूबाई म्हणायच्या, पद म्हणणाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत. मागच्या वेळी मीच म्हटलं होतं. या वेळी अक्का परस्पर सांगून मोकळ्या झाल्या, "औंदा म्या म्हणते. तिला कुठं जमतंय आता."

मला विचारलंसुद्धा नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज पद गेलं, उद्या मी देवळात कुठं बसायचं तेही टिकली लावून ठरवतील.

आतल्या खोलीत खुंटीला मुलीचं युकुलेली लटकत होतं. कॉलेजात असताना तिनं घेतलेलं. गिटारीचं पिल्लू म्हणा, चार नायलॉनच्या तारा, मांडीत मावणारं. नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिनं मोठी गिटार घेतली आणि हे माझ्याकडे राहिलं. एका दुपारी मी ते खाली घेतलं. मला गाणं वाजवायचं नव्हतं. मला फक्त माझा सा धरून ठेवणारं कोणीतरी हवं होतं, पेटीच्या बाहेरचं.

तारा छेडून बघितल्या. सगळ्यात वरची तार तिच्या शेजारणीपेक्षा उंच बोलत होती. रांगेतली पहिली तार सगळ्यात खाली बोलावी, अशी माझी समजूत. मला वाटलं, पोरीनं चुकीचं लावून ठेवलंय. फोन केला.

"आई, ते तसंच असतं."

"का?"

"अगं, तसंच असतं. सगळीकडे."

हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लग्न होऊन आले तेव्हापासून या वाक्यावर मी घर चालवलंय. हळदी-कुंकवाला कोणी आधी बसायचं, पाटावर कोणी नंतर, टिकली कुठल्या पट्टीला. तसंच असतं. मी म्हटलं, "बरं," आणि फोन ठेवून सगळ्या खुंट्या पिळायला घेतल्या.

तार सैल केली की सूर खाली येतो, एवढं कोणालाही कळतं. नंतरचं मला कळायला वेळ लागला. सैल तार सूर धरत नाही. ओल्या कपड्यांनी वाळणीची दोरी लोंबावी तशी ती लोंबते, बोट मारलं की लाकडावर आपटून भरभर करते. माझा खर्ज, खालचा सा, तिथं होता, पण ऐकू येत होती ती भरभर. पेटीत माझा आवाज वर ताणला जात होता, इथं तार खाली सोडून मेली. दोन्हीकडे सूर नाही तो नाहीच.

मग मी जे केलं ते फक्त आमच्याकडचा माणूसच करील. खंडोबाच्या गावात तार म्हणजे पोलादाची. जागरणात वाघ्याच्या हातात तुणतुणं असतं, त्याला एकच पोलादी तार, आणि ती कशी खणखणते हे लहानपणापासून कानात बसलेलं. मी विचार केला, नायलॉन हेच मुळी पुचाट, पोलाद लावावं. तुणतुण्याची तार आणली, सगळ्यात वर बसवली आणि पिळत गेले. पोलाद नायलॉनसारखं थोडक्यात तयार होत नाही, त्याला ओढ फार लागते. मी पिळते आहे, सूर चढतोय, मी खूष. आणि खाट्‍कन आवाज झाला. तारा जिथं बांधतात ती लाकडी पट्टी बुडापासून उखडून माझ्या हनुवटीला लागली. स्वयंपाकघरातून हे धावत आले. हे म्हणजे माझे यजमान, स्वभावानं गरीब, कोणाशी वाकडं नाही, त्यामुळं कोणाशी सरळही नाही.

"काय फुटलं?"

"काही न्हाय. खेळणं."

त्यांनी हनुवटीकडं बघितलं, युकुलेलीकडं बघितलं. "आगं, फार ताणू नये. ताणलं की तुटतं. आक्कांनाच म्हणू दे की पद. एका घरच्याच तुमी."

"सैल सोडलं तर वाजत न्हाय, त्याचं काय?" मी म्हटलं.

ते जेवायला बसले आणि मी सुताराचा पांढरा गोंद लावून ती पट्टी जागेवर ठेवली, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी साऱ्या युकुलेलीला आवळून टाकलं. माझ्या मानेवरही ऑपरेशननंतर अशीच पट्टी होती. दोघी गळ्याच्या दुखणेकरी एकाच कपाटापाशी पडून राहिलो. गोंद वाळला. पट्टी किंचित तिरपी बसली, ती आजही तिरपीच आहे.

गोंद वाळेपर्यंत मला विचार करायला सवड मिळाली. खाली सूर हवा आणि तार ताठही हवी, तर तार जाड पाहिजे. एवढंच होतं ते. तंबोऱ्याची खर्जाची तार जाड असते हे मी शंभरदा पाहिलेलं, पण डोक्यात पोलाद बसलेलं. सोलापूरला वाद्यांच्या दुकानात विचारलं तर त्यांच्याकडे युकुलेलीचा एकच ठरलेला संच. जाड मागितली तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, याला हेच चालतं." म्हणजे पुन्हा तसंच असतं! मात्र त्यानं मला मॅडम म्हटलं, म्हणून मी भांडले नाही.

येताना नळदुर्गला उतरले. तिथं धरणातले मासे धरणारे आहेत, आणि बाजारात जाळी, गळ, तंगूस विकणारं दुकान आहे. तंगूस म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, चिवट, पाण्यासारखा पारदर्शक. दुकानदारानं विचारलं, "किती किलोचा मासा धरायचाय?"

"आमच्यात मासे चालत नाहीत," मी म्हणाले.

त्यानं माझ्या तोंडाकडं बघत वेगवेगळ्या जाडीची रिळं पुढं ठेवली. मी प्रत्येक दोरा दोन्ही हातांत ताणून, अंगठ्यानं छेडून, कानाशी नेऊन ऐकला. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. खोळंबू दे. एक चांगला जाड दोरा घेतला, एक मध्यम.

जाड तंगूस वरच्या जागी लावलं, तुणतुण्याच्या तारेनं जिथं दगा दिला तिथं. गाठ निसटायची, म्हणून टोक काडीपेटीवर वितळवून त्याचा मणी केला. हा माझा खर्जातला सा. शेजारची तार होती तीच ठेवली, थोडी उतरवून पंचम केला. राहिलेल्या दोघी तंबोऱ्यातल्या जोडासारख्या एका सुरात लावायच्या ठरवल्या, वरचा सा. त्यातली शेवटची मूळची बारीक होती, तिथवर उतरवली की पुन्हा लोंबायची, म्हणून तिच्या जागी मध्यम तंगूस. सा, प, सा, सा. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, फोनवरच्या व्हिडिओतही नव्हतं. नवा दोरा रोज सकाळी उतरलेला असायचा, कारण तंगूस बरेच दिवस ताणत राहतं. मी रोज शाळेत जायच्या आधी खुंटी पिळायचे. तो उतरायचा, मी चढवायचे. शेवटी तोच दमला.

आता सा नेमका कुठं ठेवायचा? पांढरी तीनवर ठेवला तर जाड तार जराशी सैल, अजून थोडी भरभर. पांढरी चारवर नेला तर तार सुरेख बोलायची, पण पदातल्या वरच्या ओळीला माझा गळा फाटायचा. मी खुंटी अगदी जराशी इकडं, जराशी तिकडं करत गात बसले. एका जागी भरभर थांबली आणि गळाही मोकळा राहिला. युकुलेलीचं लाकूड माझ्या छातीशी टेकलेलं होतं, ते गुणगुणायला लागलं आणि माझी छातीही. तो आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता, पहिल्यासारखाही नव्हता. पण माझा होता, आणि मला तो आवडला. किती महिन्यांनी मला माझा आवाज आवडला! पद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. यजमान दारात उभे होते. त्या दिवशी 'खेळणं' हा शब्द आमच्या घरातून गेला.

पेटीच्या ॲपवर बघितलं तर माझा सा पांढरी तीन आणि पांढरी चारच्या बरोबर मध्ये. आणि त्या दोघींच्या मध्ये काळी पट्टीसुद्धा नसते. पेटीत तो सूर नाहीच.

देव परत आला. त्या रविवारी देवळाचा सभामंडप भरलेला, भंडाऱ्यानं फरशी पिवळी. मी टाळ घेतला नाही. पिशवीतून युकुलेली काढून अक्कांच्या समोर बसले. बायकांत कुजबुज झाली.

"हे काय आणलंस?" अक्का.

"पहिलं पद मी म्हणणार. सासूबाईंनी मला शिकवलंय."

"अगं, पन तुजा आवाज..."

"माझा आवाज हाय तिथं हाय."

मी तारा छेडल्या. अक्का कानाच्या पक्क्या, ते नाकारून चालणार नाही. त्यांनी लगेच भाता हलवला आणि पेटीवर माझा सा शोधायला लागल्या. पांढरी तीन दाबली, खाली. पांढरी चार दाबली, वर. दोन्ही एकदम दाबल्या तेव्हा असा काही आवाज निघाला की गाभाऱ्यातला पुजारी बाहेर डोकावला.

"तुजा सा कुठंच न्हाय गं!" अक्का म्हणाल्या. "जरा वर घे. एवढासा पीळ दे. चारवर आण, म्या साथ करते."

एवढासा पीळ. खुंटी माझ्या बोटात होती. खरंच, केसाएवढं फिरवलं असतं तर पेटी जुळली असती, भांडण मिटलं असतं, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, कित्ती शहाणी धाकटी. हे पुरुषांच्या बाजूला बसले होते. ते डोळ्यांनी तेच सांगत होते, दे की. पण आयुष्यभर मी एवढा एवढासाच पीळ देत आले होते. एकेकटा पीळ कधीच जड नसतो.

"न्हाय देणार," मी म्हणाले.

"आगं, पाव पट्टीनं काय फरक पडतो?"

"काय फरक पडत नसंल तर पेटीनं खाली यावं."

"पेटी कशी येईल खाली? मंडळाची ठरलेली पट्टी सोडून म्या चारवर आले, तेच लई झालं. आजवर एकच पट्टी हाय हितं."

तेव्हा माझा आवाज चढला. म्हणजे चढायचा तेवढा चढला. तो आता खालीच चढतो. "अक्का, ज्याच्यासाठी गातो तो देव वर्षात दोन गावांत राहतो. नळदुर्गला गेला म्हणून त्याला कोणी म्हटलं का, की तुझी जागा ठरलेली हाय? त्याला दोन गावं चालतात, अन् त्याच्या भजनाला दोन पट्ट्या चालत न्हाईत?"

मी उत्तराची वाट बघितली नाही. उत्तराची वाट बघत बसलं की परवानगी मागितल्यासारखं होतं. मी उभी राहिले, युकुलेली छातीशी धरलं आणि पद उचललं.

पहिली ओळ एकटीच म्हणाले. झेलायला कोणी नाही. पेटीशिवाय कशी झेलायची, बायकांना सवयच नव्हती. दुसऱ्यांदा तीच ओळ म्हटली. मागच्या भिंतीपाशी एक म्हातारी बसते, ती कधीच गात नाही, नुसती मान हलवते. तिनं झेलली. खोल, जुना, खरखरीत आवाज. मग तिच्या शेजारची. मग जिला आम्ही मुकी समजायचो ती सरपंचांची सून. इतकी वर्षं टिकलीला न पोचणारे कितीतरी गळे त्या मंडपात नुसते ओठ हलवत बसले होते, हे मला तेव्हा कळलं. हंबरत नव्हतं कोणी. गात होत्या सगळ्या.

वरची ओळ आली, पंचमाची. मी ती घेतली, आणि झेलणाऱ्या बायकांत एक आवाज ओळखीचा वाटला आणि अनोळखीही. बघितलं तर अक्का. पेटीचा भाता मिटलेला. डोळे उघडे, मान सरळ, गळ्याची शीर जागेवर. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना न ओढता गाताना ऐकत होते. आणि त्यांच्या हातात टाळ होता. मी न घेतलेला टाळ.

पद संपलं. येळकोट झाला, भंडारा उधळला. मी खाली बसले तशा अक्का माझ्याकडं सरकल्या. पेटीवरची टिकली त्या नखानं खरवडत होत्या.

"पुढल्या रविवारी बी ह्योच सा घे," त्या हळूच म्हणाल्या. "माजा बी गळा आता वर जात न्हाय बघ. कवापासनं जात न्हाय."

मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मला टाळ देऊन बसवलेले सगळे रविवारही आठवले.

"घेते की," मी म्हणाले. "पण टाळ तुमच्याकडंच राहू द्या."